आईला कळेल असं सांगा



विशेष शिक्षक आणि दिव्यांग मुलांचे पालक यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. परिषद पुण्यातल्या सभागृहात न भरवता हमरस्त्यावरच्या किकवीत भरवलीत, म्हणून भोरच्या हिर्डस मावळातल्या आयांना सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतता येईल. ग्रामपंचायतीनं मांडव घातला, जेवणाची सोय केली, चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार बांधून दिला. त्यांचे मनापासून आभार.

प्रथेप्रमाणे मी आता आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यायला हवा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं ते 21 केले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, कंपवात त्यात आले. 2022 साली महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. दिव्यांगांचं युडीआयडी ओळखपत्र आहे, एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे, निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. ही यादी तुम्हा विशेष शिक्षक सहकाऱ्यांना पाठ आहे. पण 2011 च्या जनगणनेत या राज्यात जे 29 लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले, त्यांच्या घरी जाऊन ती कोणी सांगितली? नोकरीत असेपर्यंत मी हा प्रश्न प्रत्येक बैठकीत मांडत आले, आणि प्रत्येक वेळी तो पुढच्या बैठकीवर गेला. आज मात्र आढावा इथेच थांबवते आणि याच प्रश्नावर बोलते.

वेळवंड खोऱ्यातल्या एका वाडीत मी गेले होते. मुलगा 5 वर्षांचा, एक शब्द बोलत नव्हता. आजी म्हणाली, “ह्याचा बाप बी उशिराच बोलला.” मी आईला विचारलं, कुठे दाखवलं होतं का? तिनं ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात कागदाची नीट घडी. मुलगा 2 वर्षांचा असताना पुण्यात केलेल्या कानांच्या बेरा तपासणीचा तो अहवाल होता. दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष, श्रवणयंत्र ताबडतोब लावावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सगळं इंग्रजीत. मी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” ती म्हणाली, “रिपोर्ट जपून ठेवा म्हणाले.” तिनं तो जपून ठेवला होता. घर गळत होतं, तरी त्या कागदाला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. भाषा शिकण्याची मुलाची सगळ्यात मोलाची 3 वर्षं मात्र त्या पिशवीत गेली. ती आई निष्काळजी होती, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आपल्यात एक जुना वाद आहे. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पालकांना सगळं एकदम सांगू नये, ते खचतात. माझा अनुभव उलटा आहे. शिरवळच्या कारखान्यात कंत्राटी कामाला असलेल्या एका बापाला मुलीच्या सेरेब्रल पाल्सीबद्दल “बघू, होईल सुधारणा” एवढंच सांगितलं गेलं. मग तो देवऋषी, जडीबुटीवाले, मालिशवाले असं फिरत राहिला. जमिनीचा तुकडा विकला. मी जेव्हा त्याला समोर बसवून सांगितलं, की मेंदूला झालेली ही इजा औषधानं भरून निघत नाही; पण रोजचा व्यायाम आणि आधाराची खुर्ची मिळाली तर पोरगी स्वतःच्या हातानं जेवू शकेल, तेव्हा तो खचला नाही. तो म्हणाला, “बाई, हे आधी सांगितलं असतं तर जमीन राहिली असती.” त्या दिवसापासून माझ्यापुरता हा वाद मिटला आहे. माणूस खचतो तो अंधारात ठेवल्यानं.

दुसरा वाद आजच सकाळच्या सत्रात झाला. तरुण सहकारी म्हणाले, आता सगळी माहिती मोबाइलवर आहे, वेगळं काही करायला नको. मोबाइल मलाही हवा आहे. पण खोऱ्यांतल्या धरणांपलीकडच्या वाड्यांत रेंज शोधत टेकाडावर जावं लागतं, आणि तिथे आधी पोचतात त्या हमखास बरं करण्याच्या जाहिराती. मग खरी माहिती पोचते कशी? भोरच्या एसटी स्टँडवर मी एकदा दोन आयांचं बोलणं ऐकलं. एकीचा मतिमंद मुलगा 18 वर्षांचा होत आला होता. पोर सज्ञान झालं की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हे मी तिला शिबिरात समजावलं होतं आणि तिनं नुसती मान हलवली होती. त्या दुसऱ्या बाईनं गाडी लागेपर्यंत तिला कुठला फॉर्म, कुठलं ऑफिस, कोणत्या टेबलावर काय विचारतात, सगळं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात अर्ज गेला. मला तेव्हा कळलं, की पालकाचा खरा माहितीदार दुसरा पालकच असतो.

पालकांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं, हे जगानं ओळखलेलं आहे. अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनाही इंग्रजी कागदांचा हाच जाच होता. 1978 साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्यासाठी ‘फिएस्टा एज्युकातिवा’ नावाची संस्था उभी राहिली, आणि पालकांना त्यांच्याच भाषेत हक्क सांगू लागली. तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यातही आहे, की पालकांना हक्कांची सूचना त्यांच्या मातृभाषेत मिळाली पाहिजे. ती माणसं तिथे अल्पसंख्य आहेत. आपण मात्र मराठीच्या राज्यात, मराठी आईच्या हातात, मराठी डॉक्टरनं दिलेला इंग्रजी कागद मुकाट्यानं सोसतो. आपल्या 2016 च्या कायद्यानं संवादाची व्याख्या करताना ब्रेल, खुणांची भाषा यांच्याबरोबर सोपी भाषाही घातली आहे. म्हणजे मी दया मागत नाही, कायद्यात लिहिलेलं मागते. आणि मराठीत हे जमत नाही, असं कोणी सांगू नये. स्वागत थोरातांनी 2008 साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीतच लिहिलं. मनावर घेतलं की होतं.

काय करायचं? प्रत्येक खोऱ्यात एक अनुभवी पालक नेमावा, त्याला प्रवासखर्च आणि मानधन मिळावं. वाचता न येणाऱ्यांसाठी आपल्या बोलीत ध्वनिमुद्रणं करावीत. एक पातळ पुस्तिका काढावी. अंगणवाडीत मुलांना तपासायला येणाऱ्या आरोग्य पथकासोबत आपला माणूस असावा. पैसा कुठून आणायचा, कोणी काय करायचं, हे परिषदेची नवी कार्यकारिणी ठरवेल. माझ्याकडून लागेल ती मदत मी करेन.

एक गोष्ट मात्र कोणत्याही ठरावाची वाट न पाहता उद्यापासून होऊ शकते. इथे बसलेल्या डॉक्टरांना, शिक्षकांना, थेरपिस्टना माझं सांगणं आहे: अहवाल हातात देण्याआधी तो मराठीत समजावून सांगा, आणि काय समजलं ते पालकाच्या तोंडून ऐका. आणि पालकांनो, तुम्ही लाजू नका. मागे रांग लागली म्हणून उठू नका. पोराला काय झालंय आणि उद्या सकाळी काय करायचंय, हे कळेपर्यंत त्या खुर्चीवरून हलू नका. तो तुमचा हक्क आहे.