गावातली सडक आणि पायी चालणारा

मंडळी, वणीहून करंजीकडे जाणारी सडक मारेगावच्या मधून जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे करंजीला ती नागपूर-हैदराबाद हमरस्त्याला मिळते. तो पूर्वी सात नंबरचा होता, आता ४४ नंबरचा झाला आहे. वणी म्हटले की कोळशाच्या खाणी आल्या, आणि हंगामात सगळ्या मुलखाचा कापूस आला. तेव्हा कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या, एस.टी., मोटारी, सगळे ह्याच सडकेने धावते. त्यांतल्या बहुतेकांचे मारेगावात काही काम नसते. त्यांना फक्त मारेगाव ओलांडायचे असते.

आता ह्याच सडकेच्या कडेला उभी असलेली माणसे पाहा. कोणी मार्डीहून, कोणी कुंभ्याहून, कोणी बोटोणीहून तहसील कचेरीत आलेला असतो. कोणाला दवाखान्यात जायचे, कोणाला बँकेत. पाठीवर दप्तर घेतलेली पोरं असतात. बाजाराच्या दिवशी डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बाया असतात. ह्यांना सडकेने लांब कुठे जायचे नसते, सडक ओलांडून पलीकडे जायचे असते. एकाला गाव ओलांडायचे आणि दुसऱ्याला सडक ओलांडायची, ह्या दोन गरजा एकाच डांबरी पट्ट्यावर एकमेकींना आडव्या येतात. ह्या भांडणात मरतो तो मात्र बहुधा पायी चालणाराच. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे पाचांतला एक जण कोणत्याही गाडीत बसलेला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग नगरपंचायत काय करते? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणूनच हे भाषण.

तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचे धोरण राज्य सरकारने २०१४ साली घेतले, आणि त्यात मारेगावही आले. नगरपंचायत म्हणजे खेडे आणि शहर ह्यांच्या मधल्या अवस्थेतल्या गावाची संस्था. तिची तरतूद राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने झाली. तिचे कामकाज १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे चालते आणि तिच्यावर सतरा सदस्य निवडून जातात. ह्या अधिनियमात काही कामे करायलाच हवीत अशी सांगितली आहेत. रस्त्यावर दिवे लावणे, रस्ते झाडणे, रस्ते बांधणे व दुरुस्त ठेवणे, आणि रस्त्यावरचे अडथळे दूर करणे ही त्यांतलीच. पैसे उरले तर करू, असे म्हणण्याजोगी ही कामे नाहीत.

अडचण अशी की गावाचा जो सर्वांत धोक्याचा रस्ता, तोच नगरपंचायतीचा नसतो. राष्ट्रीय महामार्गाची जमीन महामार्ग खात्याची, आणि तिच्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने महामार्ग प्रशासनाचा. वेगाची मर्यादा घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याखाली राज्य सरकारचा, किंवा सरकार ज्याला अधिकार देईल त्याचा. रहदारीचे नियमन पोलिसांकडे आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवायच्या त्याही सरकारने, पण स्थानिक संस्थेचा सल्ला घेऊन. म्हणजे पाच कचेऱ्या आणि एक सडक. अपघात झाला की प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते, आणि गंमत अशी की कागदोपत्री प्रत्येकीचे थोडेथोडे खरेच असते.

रस्ता कोणाचा हे बदलायला फार वेळ लागतो, असे आपल्याला नेहमी सांगतात. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हमरस्त्यालगतची दारूची दुकाने बंद करायला सांगितली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या काही शहरांतून जाणाऱ्या हमरस्त्यांचे तुकडे पाहता पाहता नगरपालिकांच्या नावे झाले! म्हणजे मनात आणले तर कागद लवकर हलतो. असो.

वेगाचा मुद्दा जरा नीट समजून घेऊ, कारण सगळ्याचे मूळ तिथे आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीच्या वेगाची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर ठेवली आहे. त्याहून कमी मर्यादा स्थानिक गरजेप्रमाणे घालता येते, पण ती कोणीतरी मागावी लागते आणि कोणीतरी रीतसर घालावी लागते. नाही घातली, तर भर बाजारातून साठाच्या वेगाने गेलेल्या मोटारवाल्याने वेगाचा नियम मोडला असे तुम्हाला म्हणता येणार नाही.

आता हिशेब करू. शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. दुपदरी सडक मुळात सात मीटर रुंद असते. दोन्ही अंगांच्या डांबरी बाजूपट्ट्या धरल्या तर दहा. डोक्यावर ओझे घेतलेली म्हातारी बाई सेकंदाला साधारण मीटरभर चालते. म्हणजे तिला ओलांडायला दहा सेकंद लागतात. ताशी ५० च्या वेगाने येणारी गाडी दहा सेकंदांत जवळजवळ १४० मीटर येते. म्हणजे बाईने पाऊल टाकताना १४० मीटरवरची गाडी पाहायची, तिचा वेग ओळखायचा, आणि दोन्ही बाजूंनी एकदम ओळखायचा. मध्ये एखादा ट्रक उभा असेल तर ते शक्यच नाही. वेग ३० असेल तर हेच अंतर ८३ मीटरवर येते.

गाडीवाल्याच्या बाजूनेही पाहा. समोर कोणी आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर तरी जातो. ३० च्या वेगाने येणारी मोटार तो सेकंद धरून कोरड्या सडकेवर साधारण १३ मीटरांत थांबते. ५० च्या वेगाने येणारी मोटार १३ मीटर पुढे आली तरी चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेला नसतो. भरलेल्या ट्रकचे तर विचारूच नका. म्हणूनच माणसे आणि गाड्या जिथे एकत्र मिसळतात तिथे वेग ताशी ३० च्या वर नसावा, असे २०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत ठरले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने तर मोठे रस्ते वगळून सगळ्या गल्लीबोळांना ही मर्यादा १९९२ सालीच घातली होती.

आपल्याकडे वेगावर उपाय म्हटला की एकच आठवतो, तो म्हणजे गतिरोधक. अपघात होतो, लोक सडकेवर बसतात, आणि रातोरात डांबराचा एक उंचवटा पडतो. त्यावर रंग नाही, अलीकडे पाटी नाही. अंधारात दुचाकीवाला उडतो, मागे बसलेली बाई पडते, आणि आठ दिवसांनी तोच उंचवटा फोडायला दुसरा मोर्चा निघतो. गतिरोधकाचे माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली सांगितलेला गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यावरून २५ च्या वेगाने गाडी सुखरूप जाते. आपल्याकडचे पुष्कळ गतिरोधक हातभर रुंद आणि गुडघ्याशी स्पर्धा करणारे असतात! शिवाय राष्ट्रीय महामार्गावर तो नगरपंचायतीला परस्पर घालता येत नाही. मला विचाराल तर बसस्थानकासारख्या ठिकाणी सडकेच्या मधोमध उभे राहण्यापुरता उंच ओटा केलेला बरा. दहा मीटरांचे पाच-पाच मीटर होतात. म्हातारीला एका वेळी एकाच बाजूची गाडी पाहावी लागते, आणि वाट अरुंद दिसली की चालकही आपोआप पाय सैल करतो. मात्र हा ओटा झेब्रा पट्ट्यांवरच हवा, आणि त्यावर दिवा हवा. हे पांढरे पट्टे इंग्लंडात १९५१ साली कायद्याने आले. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. किती चालकांना हे माहीत आहे, ते तुम्ही पट्ट्यावर उभे राहून पाहा, पण जपून.

आता कडेच्या जागेचा प्रश्न. हा जरा नाजूक आहे. 'पादचाऱ्यांना जागा हवी' असे कोणी म्हणाले की पहिला हात पडतो तो भाजीवालीच्या टोपलीवर आणि पानठेल्यावर. हे मला न्यायाचे वाटत नाही. टोपली मांडून बसलेल्या बाईला दीड चौरस मीटर जागा पुरते. दुकानापुढे दिवसभर उभी ठेवलेली एक मोटार नऊ चौरस मीटर अडवते. म्हणजे सहा बायांची भाकरी एका मोटारीच्या सावलीत जाते, आणि तरी अतिक्रमण कोणाचे म्हणायचे, तर टोपलीचे! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ह्यावर रीत घालून दिली आहे. आधी विक्रेत्यांची पाहणी करायची आणि त्यांना प्रमाणपत्रे द्यायची. जागा ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचे मत घ्यायचे. ह्या समितीत निदान चाळीस टक्के लोक विक्रेत्यांतूनच निवडलेले असावेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. पाहणी झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला चालणाऱ्याचा हक्कही पक्का आहे. अडथळा नसलेली पायवाट मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यायालयाने पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत घालून दिली. तेव्हा ठेलेवाल्याचा हक्क आणि चालणाऱ्याचा हक्क दोन्ही सांभाळायचे, तर सडकेच्या कडेची जागा प्रथम उभ्या गाड्यांकडून घ्यावी लागते. आज ह्या बाजूला, उद्या त्या बाजूला, अशी सम-विषम तारखांची पद्धत पुष्कळ गावांत चालते. आठवडी बाजाराच्या दिवसापुरती गाड्यांची वेगळी जागा ठरवणे तर त्याहून सोपे आहे.

हे सगळे कागदावर कसे येते, तेही पाहू. पुष्कळ ठराव असे असतात: 'वाहतुकीच्या समस्येबाबत योग्य ती कार्यवाही करावी.' हा ठराव मंजूर झाला काय आणि न झाला काय, सारखेच. त्यात जागा नाही, माप नाही, तारीख नाही, माणूस नाही. उलट असा ठराव पाहा: 'बसस्थानकापासून अमुक चौकापर्यंत सडकेच्या दोन्ही कडांना १.८ मीटर जागा चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. महामार्ग खात्याची संमती घेऊन पांढरी रेघ मारावी. ह्या पट्ट्यात गाडी उभी करण्यास मनाई करावी म्हणून पोलिसांना लिहावे. ताशी ३० ची मर्यादा घालावी म्हणून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे मागणी करावी. दिवे नगरपंचायतीने अमुक तारखेपर्यंत लावावेत. काम अमुक अभियंत्याकडे.' १.८ मीटर हे मी मनचे सांगत नाही. पायवाटेची तेवढी किमान मोकळी रुंदी इंडियन रोड्स काँग्रेसनेच सांगितली आहे. दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता जातील एवढी ती जागा असते. आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. तिथे महामार्ग, पोलीस, परिवहन अशा सगळ्या खात्यांचे अधिकारी एका टेबलाशी असतात. एरवी ज्या पाच कचेऱ्यांच्या पायऱ्या तुम्ही झिजवाल, त्या तिथे एका खोलीत सापडतात.

एक गोष्ट मात्र नगरपंचायत झाल्याने गेली. ग्रामपंचायत होती तोवर ग्रामसभा होती. कोणीही उठून विचारू शकत होता, 'काय हो सरपंच, शाळेपुढचा दिवा कधी लागणार?' नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. तुमच्या वतीने बोलायला तुमच्या प्रभागाचा एक सदस्य असतो, बस. तेव्हा ठराव हवा असेल तर सभेच्या आधी त्या सदस्याला गाठायचे, अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, आणि विषय विषयपत्रिकेवर आला की नाही ते पाहायचे.

ह्या अर्जाला वजन येते ते आकड्यांनी, आणि ते काम शाळा करू शकते. वरच्या वर्गातली दहा-बारा मुले घ्या. शिक्षकांनी बरोबर राहावे, मुलांना सडकेवर उतरू देऊ नये. दुकानाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या फाटकाशी बसून शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेस एक-एक तास मोजायचे. किती ट्रक गेले, किती मोटारी, किती दुचाक्या, किती माणसांनी सडक ओलांडली, त्यांत पोरं किती आणि म्हातारी माणसे किती. सडकेची रुंदी टेपने मोजायची ती मात्र मोठ्यांनी, पहाटे रहदारी नसताना. दोन विजेच्या खांबांमधले अंतर कडेने मोजून ठेवले, तर घड्याळ हातात धरून गाडीचा वेगही काढता येतो. खांबांत ५० मीटर असतील आणि गाडीने ते तीन सेकंदांत कापले, तर वेग ताशी ६० झाला. असे एक दिवस बाजाराचे आणि एक दिवस साधा मोजायचा. तो तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीने अर्जाला जोडायचा, आणि त्याची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवायची. पांढरी रेघ पडल्यावर, दिवा लागल्यावर, पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच ओट्यावर बसून पुन्हा मोजता येईल.