सायकलस्वाराचा मार्ग : संगणकाचे गणित आणि गावाची माहिती



सायकल हे सामान्य माणसाचे वाहन. तिला इंधन लागत नाही. मात्र चढणीचा आणि खड्ड्यांचा सारा ताण चालविणाऱ्याच्या पायांवर पडतो. म्हणूनच मोटारीला सोयीचा रस्ता सायकलीला सोयीचा असतोच असे नाही. हा फरक ओळखून सायकलस्वारास मार्ग सुचविणारी साधने आता इंटरनेटवर उपलब्ध आहेत. ब्रिटनमधील ‘सायकलस्ट्रीट्स’ हे साधन एकाच प्रवासासाठी जलद, शांत आणि या दोहोंचा मेळ घालणारा असे तीन मार्ग दाखविते.

अशा साधनांच्या मुळाशी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली, सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत आहे. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला अंतर, चढ, पृष्ठभाग आणि वर्दळ यांनुसार गुण दिले जातात. ज्या मार्गावर एकूण कष्ट सर्वांत कमी, तो निवडला जातो. नवख्या मुलखातही चढ आधी कळतो, वर्दळीचा महामार्ग टाळून आडरस्ता सापडतो, हा या साधनांचा मोठाच लाभ होय.

उणिवा आहेत त्या गणितात नव्हेत, तर त्यास पुरविलेल्या माहितीत. उंचीचेच पाहा. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साह्याने भूपृष्ठाची उंची मोजली. ती मोजणी अनेक साधने वापरतात. परंतु तिच्यातील बिंदू सुमारे ३० मीटर अंतरावर आहेत. त्यामुळे घाटात रस्त्याऐवजी शेजारच्या कड्याची वा दरीची उंची धरली जाऊ शकते, आणि कात्रजसारख्या बोगद्यावर डोंगरमाथ्याची.

रस्त्यांची माहिती बहुधा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या स्वयंसेवकांनी घडविलेल्या नकाशातून येते. रस्ता डांबरी की खडीचा याची नोंद नसेल, तर साधनास अंदाजावर विसंबावे लागते. पावसाळ्यात फरशी पूल पाण्याखाली जातो, हे गावातील पोरही जाणते. नकाशास ते कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या. वाट निर्धोक नसेल तर ती सायकल अंगणातच उभी राहते आणि मुलीचे शिक्षण खंडित होण्याची भीती निर्माण होते. अशा वेळी नकाशातील एका नोंदीचे मोल केवढे, हे उघड आहे.

ही उणीव भरून काढणे गावाच्याच हाती आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणासही विनामूल्य भर घालता येते. ग्रामपंचायतीकडे रस्त्यांची नोंदवही असते. भूगोलाच्या शिक्षकांकडे उत्साही विद्यार्थी असतात. दोहोंनी मिळून शाळेच्या वाटेवरील खडी, चढ आणि फरशी पूल प्रत्यक्ष पाहून नोंदविले, तर संगणकाचे गणित त्या गावापुरते तरी खरे ठरेल. मार्ग यंत्राने सुचवावा. परंतु त्याची पारख तेथे राहणाऱ्यांनीच केली पाहिजे.