फळ्यापुढे उभा उमेदवार

मुलाखत हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ केवळ भेट असा आहे. भेट म्हटली की दोन्ही बाजूंनी बोलणे आणि दोन्ही बाजूंनी ऐकणे आले. परंतु सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मागणाऱ्याच्या वाट्याला जी मुलाखत येते, तिच्यात भेटीचा अंश थोडा आणि परीक्षेचा फार असतो. ही परीक्षा नेमके काय मोजते, याचा विचार व्हायला हवा.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपन्या स्वतः येऊन जी भरती करतात, तिला कॅम्पस प्लेसमेंट म्हणतात. तिच्यात प्रथम गुणांची किमान अट, म्हणजे कट-ऑफ, लावली जाते. नंतर गणिती व तार्किक कल पाहणारी अ‍ॅप्टिट्यूड चाचणी होते. तिच्यातून तरलेल्यांची तांत्रिक फेरी, आणि अखेरीस स्वभाव, परगावी जाण्याची तयारी व पगाराची अपेक्षा यांविषयी विचारणारी एचआर फेरी होते. प्रत्येक फेरीनंतर निवडलेल्यांची यादी लागते, आणि यादीत नाव नसलेला विद्यार्थी आपण कोठे कमी पडलो हे न कळताच फाइल उचलून बाहेर पडतो.

यांपैकी तांत्रिक फेरी सर्वांत कठीण मानली जाते. तिच्यात अल्गोरिदमचे, म्हणजे प्रश्न ठरावीक पायऱ्यांनी सोडवण्याच्या रीतीचे, एखादे उदाहरण देऊन त्याचे उत्तर अनेकदा पांढऱ्या फळ्यावर लिहायला सांगतात, आणि लिहिताना मनातला विचार मोठ्याने बोलण्याचीही अपेक्षा असते. प्रत्यक्ष कामात मात्र प्रोग्रामर संगणकापुढे बसतो, संदर्भ पाहतो, प्रोग्राम चालवतो, आलेली चूक वाचतो आणि दुरुस्त करतो. फळ्यावर यांतले काहीच करता येत नाही.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकशास्त्राच्या 48 विद्यार्थ्यांपैकी काहींना परीक्षकासमोर बोलत बोलत, तर इतरांना खोलीत एकटे असताना, फळ्यावर प्रश्न सोडवायला दिला. कोणी पाहत असताना विद्यार्थ्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. परीक्षकासमोर एकाही विद्यार्थिनीला प्रश्न सुटला नाही, तर एकांतात तो सर्व विद्यार्थिनींनी सोडवला. विद्यार्थिनींची संख्या लहान असल्याने हा निष्कर्ष सावधपणे घ्यावा लागतो. तरीही नापास ठरलेला उमेदवार पुष्कळदा ज्ञानात नव्हे, तर रोखलेल्या नजरेखाली टिकून राहण्यात कमी पडलेला असतो, एवढे त्यातून दिसते.

एके काळी या क्षेत्रात कोड्यांचाही प्रघात होता, आणि रस्त्यावरील मॅनहोलची झाकणे गोल का असतात, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे प्रसिद्ध झाला. पुढे गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितले की, अशा कोड्यांवरून उमेदवाराच्या भावी कामाविषयी काहीही कळत नाही.

फळ्यापुढच्या परीक्षेला आणि कोड्यांना पर्यायही उपलब्ध आहे. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारणे आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देणे, या पद्धतीला संरचित मुलाखत म्हणतात. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा ही पद्धत मोकळ्या गप्पांवजा मुलाखतीपेक्षा सरस ठरली. आणि 2022 मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी ती गणिते पुन्हा तपासली, तेव्हा निवडीच्या साधनांत तिचा क्रमांक सर्वांत वर आला.

म्हणून कंपन्यांनी फेऱ्या किती आणि निकष कोणते हे आधी सांगणे, विचार करायला थोडा एकांत देणे, आणि निकाल नकाराचा असला तरी तो ठरल्या दिवशी कळवणे, ही कर्तव्ये मानली पाहिजेत. यांतील शेवटच्या कर्तव्याला सर्वांत कमी खर्च येतो आणि नेमके तेच सर्वांत अधिक टाळले जाते, त्यामुळे उत्तराची वाट पाहणारा तरुण दुसरी संधी घ्यावी की थांबावे या पेचात दिवस काढतो. उमेदवारानेही काम कोणते, वरिष्ठ कोण आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, म्हणजे बाँड, आहे का, हे संकोच न करता विचारावे. दोघांनीही विचारावे आणि दोघांनाही उत्तर मिळावे, एवढे घडले तरच मुलाखत या शब्दातील भेट खरी ठरेल.