फिरत्या यंत्राची वीज

वांद्रे स्थानकांत येणारी लोकल गाडी श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या छपरावरील सांगाडा वरच्या तारेला घांशीत पुढें सरकतो आणि धांवत्या गाडीला अखंड वीज पुरवितो. १९२८ सालीं कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हांपासून हें दृश्य या उपनगराच्या परिचयाचें आहे. हेंच तत्त्व वांद्र्यांतील लीलावतीसारख्या रुग्णालयांत, सीटी स्कॅनच्या यंत्राच्या पोटांत, वर्तुळाकार रूपानें वावरत असतें.

या यंत्रांत क्ष-किरणांची नळी रोग्याभोंवतीं प्रदक्षिणा घालते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडन येथें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें, तेव्हां एका छेदाला कित्येक मिनिटें लागत. पुढें वेग वाढला, पण अडचण राहिली ती तारांची. नळीला जोडलेल्या केबली गुंडाळल्या जात; म्हणून फेरा संपतांच चक्र थांबवून उलट फिरवावें लागे. प्रत्येक छेदासाठीं रोग्यानें निराळा श्वास रोखावयाचा, आणि दोन श्वास अगदीं सारखे क्वचितच असतात. त्यामुळें फुप्फुसांतील लहानशी गांठ दोन छेदांच्या मधून निसटण्याचा संभव असे.

१९८७ च्या सुमारास या यंत्रांत स्लिप रिंगा आल्या. फिरत्या चक्रावर धातूचीं कडीं बसवावयाचीं आणि स्थिर चौकटीवरील ब्रश त्यांवर टेकवून ठेवावयाचे, एवढीच ही युक्ति. चक्र कितीहि फिरो, स्पर्श तुटत नाहीं. आजच्या बहुतेक यंत्रांत कड्यांवरून कांहीं शें व्होल्टांचाच दाब जातो. नळीला लागणारा लाखाहून अधिक व्होल्टांचा दाब चक्रावरच निर्माण होतो.

चक्र अखंड फिरूं लागलें, तेव्हां रोग्याचा पलंगहि त्याच वेळीं सरकवितां आला, आणि मळसूत्राच्या आट्यांप्रमाणें सर्व छाती एकाच श्वासांत टिपतां येऊं लागली. धाप लागलेल्या वृद्धाला वा अपघातांत जखमी झालेल्याला त्या कांहीं सेकंदांचें मोल किती, हें सांगावयास नको.

घर्षण मात्र आपली किंमत घेतल्यावांचून राहत नाहीं. ब्रश झिजतात, त्यांची भुकटी कड्यांवर सांचते, संपर्क बिघडतो, प्रसंगीं ठिणगीहि उडते. म्हणून ठराविक मुदतीनें यंत्र बंद ठेवून कडीं साफ करावीं लागतात व झिजलेले ब्रश बदलावे लागतात. त्या दिवशीं तपासणी लांबली, तर रोग्याचे आप्त अस्वस्थ होतात, हें स्वाभाविक आहे. परंतु रोगी यंत्रांत असतां चक्र अडलें, तर तीच तपासणी पुन्हां करावी लागते आणि क्ष-किरणांचा मारा त्यालाच दुसऱ्यांदा सोसावा लागतो. तो टाळण्यासाठींच ही देखभाल असते.