गावचा जमाखर्च आपण वाचू या

(कल्याण तालुक्यातील एका गावी, प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाला केलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही रात्री वर्गाला आलात. आज तुम्हाला सही येते. कल्याणच्या फलाटावरची पाटी वाचता येते. रेशनच्या पावतीवरचा आकडा कळतो. आम्हाला फार आनंद वाटतो.

आता तुम्ही विचाराल, "गुरुजी, पुढं काय वाचायचं?" पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा. पण आमचे ऐकाल तर त्याबरोबर गावचा जमाखर्चही वाचा.

जमाखर्च म्हणजे काही अवघड गोष्ट नाही. पावसाळ्याच्या आधी आपण घरात काय करतो? कणगीत भात किती, गाठीला पैसा किती, ते पाहतो. मग ठरवतो की आधी छपर शाकारायचे, मग बियाणे आणायचे. पोरीचे लग्न पुढल्या साली. हेच कागदावर मांडले की झाले अंदाजपत्रक! सरकारही असेच करते. ग्रामपंचायतही असेच करते. आधी कोणते काम, मागून कोणते, हे त्या कागदावर ठरते. ज्या कामाचे नाव त्यात नाही, त्याला पैसा नाही. गरिबी हटवू, असे सगळेच म्हणतात. पण किती पैसा ठेवला आणि तो कुठे गेला, हे पाहिल्यावाचून त्या बोलण्याची किंमत कळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगतो. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातल्या मजुराला काम मिळालेच पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. 1965 साली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात, हा प्रयोग सुरू झाला. पुढे 1972 चा मोठा दुष्काळ पडला. माणसे खडी फोडू लागली, बंधारे बांधू लागली. 1973 च्या मे महिन्यात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढले. "भीक नको, काम द्या," हे त्यांचे मागणे होते. अखेर विधिमंडळाने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकार भत्ता द्यायचा, असा तो कायदा.

आता यातली खरी गंमत ऐका. काम द्यायचे म्हटले की पैसा आला. तो कुठून आणायचा? 1975 साली राज्याने व्यवसाय कर बसवला. ठाण्याचा कामगार, डोंबिवलीहून लोकलने मुंबईला जाणारा कारकून, यांच्या पगारातून तो कापला जाऊ लागला. जेवढा पैसा या करातून येईल, तेवढाच सरकारने आपल्या पदरचा घालावा, असे ठरले. म्हणजे पाहा, डोंबिवलीच्या कारकुनाच्या पगारातले चार रुपये मुरबाडच्या मजुराच्या चुलीपर्यंत पोचण्याची वाट तयार झाली. शहर आणि खेडे एका हिशेबात बांधले गेले.

पुढे 2005 साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला. त्यात खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षात 100 दिवस कामाची हमी होती. झालेल्या कामांचा हिशेब ग्रामसभेने तपासावा, असेही त्यात लिहिले होते. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. सांगायचे काय, तर कायदे येतात, कायदे बदलतात. बदललेला कायदा आपल्याला काय देतो, हे वाचणारा माणूस गावात हवा. काम तोंडी मागून भागत नाही. लेखी अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसेल, तर पंधरा दिवस कधीपासून मोजणार?

कोणी म्हणेल, "राज्याचं अंदाजपत्रक ते. त्यात आम्ही गरिबांनी काय बोलावं?" का बोलू नये? आपल्या ठाणे जिल्ह्यात 1982 साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. तिने वेठबिगार आदिवासींना मोकळे करण्याचे काम केले. त्या कामातल्या मंडळींच्या ध्यानात आले की, माणूस मोकळा झाला तरी त्याच्या पोटासाठी सरकारी पैसा लागतो, आणि तो कुठे जातो ते कळत नाही. मग त्यातून निघालेल्या 'समर्थन' या संस्थेने राज्याचे अंदाजपत्रक वाचायला घेतले. आदिवासींसाठी किती ठेवले, किती खर्चले, हे आकडे काढून आमदारांच्या हाती दिले. गुजरातमध्ये 'दिशा' संस्थेनेही असेच केले. मुठीएवढी माणसे, पण आकडा हातात असला की विचारता येते.

आणि आपल्याला तर मुंबईपर्यंत जायचीही गरज नाही. ग्रामसभा आपल्या गावातच भरते. वर्षातून निदान चार वेळा ती भरली पाहिजे. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत जी ग्रामसभा भरते, तिच्यापुढे मागल्या वर्षाचा हिशेब ठेवावा लागतो. शहापूर तालुक्यात आणि मुरबाड-भिवंडीच्या काही गावांत पेसा कायदा आहे. 2015 साली राज्याने ठरवले की, आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के पैसा अशा गावांच्या पंचायतींना थेट द्यायचा. तो कशावर खर्चायचा, हे ग्रामसभेने ठरवायचे.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगताना लाज वाटते, पण सांगतो. आम्ही एका गावी हेडमास्तर होतो. शिपाई ग्रामसभेची वही शाळेत घेऊन येई. आम्ही उभ्या उभ्या सही करीत असू. सभेला मात्र जात नसू. वाटे, आपले काम शाळेचे, ते काम पंचायतीचे.

एका साली पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. आमच्या रात्रीच्या वर्गातली एक मावशी पाण्याला चालली होती. तिने हंडा खाली ठेवला आणि अक्षर अक्षर जोडून तो कागद वाचला. 'विहिरीचा गाळ काढणे.' पुढे रुपयांचा आकडा. ती तशीच शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, ही इहीर कंची हो? आमच्या इहिरीला तर कुनी हातबी नाय लावला."

आम्ही वही काढून पाहिली. ज्या सभेत तो खर्च मंजूर झाला, तिच्या हजेरीत आमची सही होती! शिकलेल्या माणसाने न वाचता सही केली होती, आणि कालपरवा अक्षर शिकलेल्या बाईने वाचून प्रश्न विचारला होता.

पुढल्या ग्रामसभेला आम्ही गेलो. माणसे पुरेशी जमली नाहीत. सभा तहकूब झाली. मग मावशी आणि तिच्या सोबतिणी घरोघर हिंडल्या. दुसऱ्या सभेला बाया आल्या, पोरेही आली. मावशीने तोच प्रश्न उभे राहून विचारला. थोडी आरडाओरड झाली. पण प्रश्न वहीत लिहून घ्यावा लागला. ठराव झाला. त्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ निघाला. मागला पैसा कुठे गेला, ते मात्र कळले नाही. वेळेवर विचारले असते, तर तेही कळले असते.

म्हणून मंडळी, चार गोष्टी लक्षात ठेवा. ग्रामसभेला जा, नुसती सही पाठवू नका. आकडा वाचा आणि काम डोळ्यांनी पाहा. आपले म्हणणे ठरावात लिहिले की नाही, ते वाचून घ्या. कागद दाखवत नसतील, तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराने मागा. 10 रुपयांत अर्ज होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आणखी एक. आपल्या शेजारची 27 गावे 1983 साली कल्याण महापालिकेत गेली, 2002 साली बाहेर आली, 2015 साली पुन्हा आत गेली. गाव महापालिकेत गेले की ग्रामसभा राहत नाही. मग प्रश्न नगरसेवकाला आणि प्रभाग समितीला विचारावे लागतात. जागा बदलते, पण विचारण्याचे काम संपत नाही.

लिहिणे-वाचणे तुम्ही शिकलात. आता येत्या ग्रामसभेला हे पुस्तक घरी ठेवा, चष्मा लागत असेल तर तो घ्या, आणि भिंतीवरचा तो कागद वाचा. न समजले तर शेजाऱ्याला विचारा. त्यालाही न समजले, तर सभेत उभे राहून दोघे मिळून विचारा.