गुरु निवृत्त होतो तेव्हां
(महोत्सवानिमित्त विष्णुपुरी येथें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या चालकांनीं मला विषयाची मोकळीक दिली. मात्र भाषणाचें प्रवचन होऊं नये एवढी अट घातली. प्रवचनें तुम्हांला दर रविवारीं ऐकावींच लागतात, तेव्हां ही अट न्याय्य आहे असें मी समजतों. विष्णुपुरीस एका बाजूला गोदावरीचें अडविलेलें पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला अभियांत्रिकीचें महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय व १९९४ सालीं स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. अशा गांवीं श्रोत्यांत निम्मे विद्यार्थी असणार हें गृहीत धरून मीं खेळाचा विषय घेतला आहे. परंतु खेळाचा म्हणजे खेळाडूंचा नव्हे. खेळ शिकविणारा, संघ घडविणारा मनुष्य एके दिवशीं अकस्मात् उठून ‘आतां पुरे’ असें म्हणतो, त्या वेळीं त्याच्यामागें जमलेल्या लोकांचें काय होतें, हें मला पाहावयाचें आहे.

अमेरिकेंत अलाबामा नांवाचें राज्य आहे. तेथील विद्यापीठाचा फुटबॉल, म्हणजे आपण पायानें खेळतों तो नव्हे, चेंडू काखेंत घेऊन धावण्याचा, हा त्या लोकांचा जवळजवळ धर्म होऊन बसला आहे. (‘जवळजवळ’ हा शब्द मीं पाद्री या नात्यानें घातला आहे.) निक सेबन हा त्या संघाचा गुरु. २००७ पासून १७ हंगाम त्यानें तो संघ चालविला आणि सहा राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळवून दिलीं. १० जानेवारी २०२४ रोजीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, त्यानें खेळाडूंना बैठकीस बोलावून निवृत्तीची वार्ता सांगितली. कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. क्रीडांगणाबाहेर त्याचा पुतळा पूर्वींच उभारलेला होता. त्या पुतळ्याच्या पायांशीं लोकांनीं फुलें आणून ठेवलीं. रोज न्याहारीला तो खातो म्हणून प्रसिद्ध असलेलीं ओटच्या पिठाचीं गोड बिस्किटें ठेवलीं. मनुष्य जिवंत, धडधाकट, आपल्या घरीं बसलेला, आणि इकडे त्याची समाधि पुजली जात होती! दोन दिवसांत नवा गुरु नेमला गेला आणि कित्येक खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांची वाट धरूं लागले.

आतां तीं फुलें कोणासाठीं होतीं? सेबनसाठीं, कीं सहा अजिंक्यपदांसाठीं? त्यानें १७ वर्षांत एकहि अजिंक्यपद मिळविलें नसतें तर पुतळा उभारला गेला नसता हें उघड आहे. परंतु फुलें आलीं असतीं काय? अलाबामाच्या लोकांना हें विचारून उपयोग नाहीं, कारण त्यांच्यावर तो प्रसंग आला नाहीं. आपल्यावर मात्र तो आलेला आहे, आणि त्याची हकीकत मला थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

अजित वाडेकर हे नांव तुमच्यांतील वडील मंडळींना सांगावयास नको. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शास्त्रशाखेचा हा विद्यार्थी. कॉलेजला जातांना बसमध्यें बाळू गुप्ते यांनीं ‘बारावा गडी म्हणून येतोस काय?’ असें विचारलें, आणि दिवसाला तीन रुपये मिळतील म्हणून तो गेला, अशी गोष्ट ते स्वतः सांगत. जानेवारी १९७१ मध्यें निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनीं आपलें निर्णायक मत देऊन पतौडींच्या जागीं त्यांना कप्तान केलें. त्याच वर्षीं भारतानें वेस्ट इंडीजला त्यांच्याच देशांत १-० असें हरविलें. पुढें ऑगस्टांत ओव्हलवर इंग्लंडला हरवून तीहि मालिका जिंकली. चंद्रशेखरनें ३८ धावांत सहा गडी बाद केले तो हा सामना. गणेशचतुर्थीच्या निमित्तानें कोणीं तेथल्या प्राणिसंग्रहालयांतून बेला नांवाची हत्तीण मैदानावर आणली होती. शेवटच्या दिवशीं वाडेकर धावबाद होऊन परत आले ते आंत जाऊन चक्क झोंपले, आणि विजय मिळाल्यावर केन बॅरिंग्टन यांनीं त्यांना जागें केलें. घरीं परतल्यावर मुंबईनें त्यांची मिरवणूक काढली. इंदूरला क्रीडांगणापाशीं विजयाचें स्मारक म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभी राहिली. १९७२-७३ मध्यें इंग्लंडचा संघ आपल्याकडे आला, तोहि २-१ असा हरला. लागोपाठ तीन मालिका जिंकणारा असा कप्तान भारतानें त्यापूर्वीं पाहिला नव्हता.

मग १९७४ चा उन्हाळा आला. इंग्लंडमध्यें तिन्ही कसोट्या गेल्या. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावांत आपला संपूर्ण संघ ४२ धावांत बाद झाला. षट्कें झालीं अवघीं सतरा. इकडे मुंबईंत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटीला लोकांनीं काळें फासलें. परत आल्यावर दुलीप करंडकाच्या पश्चिम विभागाच्या संघांतूनहि त्यांना वगळण्यांत आलें. तेव्हां त्यांनीं क्रिकेट सोडलें. वय तेहतीस. ही निवृत्तीहि अकस्मातच होती. परंतु तेथें कोणीं फुलें ठेवलीं नाहींत.

माझें म्हणणें लक्षांत आलें असेल. मिरवणूक काढणारे आणि दगड मारणारे हे दोन निरनिराळे समाज नव्हते. त्यांतील पुष्कळ माणसें तींच असलीं पाहिजेत. ख्रिस्ती श्रोत्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. झावळ्यांचा रविवार आणि शुभ शुक्रवार यांत अंतर पांच दिवसांचें आहे. (अट मोडली असें चालकांना वाटत असेल, तर हें वाक्य त्यांनीं खुशाल वगळावें.)

यावर कोणी म्हणेल कीं हें क्रिकेटचें, पैशाच्या आणि गर्दीच्या खेळाचें झालें. आपल्या मातींतली रीत वेगळी. हें कांहीं अंशीं खरें आहे. आपल्या लातूर जिल्ह्यांतले हरिश्चंद्र बिराजदार घ्या. १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं पोरांच्या पिढ्या तयार केल्या. सगळे त्यांना मामा म्हणत. २०११ सालीं ते वारले. तालमींतल्या वस्तादाला निवृत्ति हा शब्दच ठाऊक नसतो. गुडघे गेले तर तो हौद्याच्या कडेला बसतो. आवाज बसला तर बोटानें खूण करतो. आणि पठ्ठे त्याचें दूध-तूप बघतात. त्याच्या पायां पडल्यावांचून कोणी मातींत उतरत नाहीं, मग त्या वर्षीं गदा मिळालेली असो वा नसो. येथें नातें निकालावर टांगलेलें नाहीं, आणि या रीतीचा मला अभिमान आहे.

तथापि या रीतींतहि एक कठोरपणा आहे, तो आपण बोलून दाखवीत नाहीं. वस्तादाला उठूं देण्याची तिच्यांत सोयच नाहीं. तो थकला तरी बसला पाहिजे, कारण त्याच्या बसण्यांत आमची शोभा आहे. घराघरांतील वडीलधाऱ्यांचें, संस्थांतील अध्यक्षांचें, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ धर्मगुरूंचेंहि असेंच होतें. ११ फेब्रुवारी २०१३ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं आपण पद सोडीत आहों असें लॅटिन भाषेंत सांगितलें, तेव्हां समोर बसलेल्यांपैकीं कित्येकांना पहिल्या क्षणीं अर्थच लागला नाहीं. लॅटिन समजणाऱ्या एका बातमीदार बाईनें ती वार्ता जगाला दिली. १४१५ नंतर कोणा पोपनें पद सोडलें नव्हतें. त्या वेळीं श्रद्धावान लोकच अधिक दुखावले. ‘बापाला कधीं राजीनामा देतां येतो काय?’ असें ते विचारीत. माझ्या मतें त्या वृद्धानें केलें तें फार धैर्याचें होतें. शक्ति सरली हें ओळखणें सोपें नाहीं, आणि ओळखून तें लोकांसमोर उच्चारणें त्याहून अवघड आहे. जें आपल्याला अकस्मात् वाटतें तें त्या माणसाच्या मनांत वर्ष वर्ष मुरलेलें असतें. आपण विचारलें नाहीं म्हणून तें आपल्याला कळलें नाहीं, इतकेंच.

गोव्याचे अर्मांडो कुलासो यांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. धेंपो क्लबला त्यांनीं पांच वेळां राष्ट्रीय अजिंक्य केलें आणि २०१३ मध्यें तो क्लब सोडला. त्यांना जीवनगौरवाचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्यें. मधलीं वर्षें बारा. गुरूची आठवण सरकारला व समाजाला किती दिवसांनीं होते, याचें हें एक माप समजा.

आतां घरचें पाहूं. लातूर पॅटर्न हा शब्द महाराष्ट्रभर गाजलेला आहे, आणि नांदेडहि त्या बाबतींत मागें नाहीं. निकालाच्या दिवशीं चौकाचौकांतून फलक लागतात. फलकावर मुलांचे चेहरे, खालीं गुण आणि शिकवणीचें नांव. पुढल्या वर्षीं चेहरे बदलतात. ज्या गुरुजींनीं तीस वर्षें फळ्यासमोर उभें राहून रसायनशास्त्र शिकविलें, त्यांच्या निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ आणि पांच भाषणें असतात. भाषणांत ‘पोकळी’ हा शब्द सहा वेळां येतो. दुसऱ्या सोमवारीं तेच गुरुजी भाजी घेतांना दिसले तर जुना विद्यार्थी मोटारसायकल थांबवितो काय? कांहीं थांबवितात, हें मी पाहिलेलें आहे, आणि त्यांत मागल्या बांकावरचे, नापास होतां होतां वांचलेले अधिक असतात. ज्यांचे चेहरे फलकावर होते ते पुण्यामुंबईस असतात, हें त्याचें एक साधें कारण आहे. पण तें एकमेव कारण आहे असें मला वाटत नाहीं.

आणि आपल्या धर्मग्रामाविषयीं बोललों नाहीं तर तो भित्रेपणा होईल. धर्मगुरूची बदली झाली कीं सह्यांचे अर्ज निघतात, शिष्टमंडळें बिशपांकडे जातात, आणि नव्या धर्मगुरूच्या पहिल्या मिस्साला चार घरें मुद्दाम येत नाहींत. ‘ते फादर गेले, आतां आमचें मन लागत नाहीं.’ ही माया आहे, मी तिला हंसणार नाहीं. परंतु गेलेल्या फादरांनीं पंधरा वर्षें ज्या वेदीकडे बोट दाखविलें, त्या वेदीकडे त्यांच्या पाठोपाठ पाठ फिरवावयाची, याला त्यांच्यावरील प्रेम म्हणतां येईल काय? अलाबामाचे जे खेळाडू गुरु जातांच संघ सोडून गेले, त्यांना निदान दुसऱ्या विद्यापीठाकडून आमंत्रणें होतीं. आपण कोठें जातों? ७५ वर्षें पुरीं झालीं म्हणजे धर्मग्रामाच्या पुरोहितानें राजीनामा द्यावा, अशी चर्चच्या कायद्याची विनंति आहे. मला त्यास बराच अवकाश आहे. बदलीस किती आहे तें बिशपच जाणोत. म्हणून हें आतांच, कोणाचीहि बदली झालेली नसतां, बोलून घेतलें.

शिष्याच्या बाजूनें चांगला निरोप कसा असतो, याचें एक उदाहरण सर्वांनीं दूरचित्रवाणीवर पाहिलेलें आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडेवर सचिन तेंडुलकर शेवटचें बोलला. तेथें त्यानें रमाकांत आचरेकर सरांचें नांव घेतलें. ‘छान खेळलास’ असें सर आपल्याला एकोणतीस वर्षांत कधींच म्हणाले नाहींत, मी सुस्तावेन म्हणून. आतां सामने उरले नाहींत, तेव्हां आतां म्हणावयास हरकत नाहीं, अशा आशयाचें तो बोलला. आचरेकर यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवीत आणि दिवसभर बाद न होणाऱ्याला तें मिळे. तशीं तेरा नाणीं सचिनपाशीं होतीं. ज्या पोराचे पराक्रम जगानें मोजले, त्यानें सरांविषयीं बोलतांना त्यांतील एकहि मोजला नाहीं. सांगितलें तें सरांनीं न केलेल्या स्तुतीविषयीं.

वाडेकरांना मात्र मीं १९७४ सालींच सोडून दिलें, तें बरें नव्हे. ते स्टेट बँकेंत काम करीत राहिले. १९९२ मध्यें भारतीय संघाच्या व्यवस्थापकाचें, म्हणजे खरोखर गुरूचेंच, काम त्यांच्याकडे आलें आणि ज्या लोकांनीं घरावर दगड टाकले होते त्यांच्यासाठींच त्यांनीं तें पत्करलें. १९९३ च्या आरंभीं इंग्लंड ३-० असा हरला. १९९४ मध्यें ऑकलंडला त्यांच्याच कारकीर्दींत सचिन पहिल्यांदा सलामीला गेला आणि ४९ चेंडूंत ८२ धावा करून आला. मग १३ मार्च १९९६, कलकत्त्याचें ईडन गार्डन, विश्वचषकाची उपांत्य फेरी. आठ बाद १२० झाले आणि लोकांनीं बाटल्या फेंकल्या, आसनें पेटविलीं. सामना तेथेंच थांबवून श्रीलंकेला देण्यांत आला, आणि विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. बावीस वर्षांपूर्वींचे ते दगड वाडेकरांना त्या संध्याकाळीं आठवले नसतील असें मानणें कठीण आहे. त्यानंतर तें कामहि सुटलें. १९९८ मध्यें निवड समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. तेंहि त्यांनीं घेतलें.