पाहुण्याचे गाव आणि संगणकाचे कूळ

आमच्या इंझोरीत नवखा माणूस आला, की पारावरची म्हातारी मंडळी प्रथम विचारणार, "काय पाव्हणे, कोणतं गाव?" गाव ओळखीचे नसले तर दुसरा प्रश्न ठरलेला, "बरं, सोयरे कोण?" सोयऱ्यांवरून माणसाचा पत्ता लागतो. पुष्कळ संगणकांची मांडणी एका जागेवरून करणाऱ्या साधनांनाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

'ॲन्सिबल' हे 2012 साली आलेले असेच एक साधन. कामाला हात घालण्यापूर्वी ते प्रत्येक यंत्राची चौकशी करते. कारण लिनक्स एक, पण त्याच्या शाखा अनेक. डेबियन आणि उबुंटू आपले सामान 'ॲप्ट'कडून घेतात, फेडोरा आणि रॉकी 'डीएनएफ'कडून. पूर्वी प्रत्येक शाखा आपली नावनिशी निराळ्या फाइलीत ठेवी. 2012 मध्ये 'ओएस-रिलीज' ही सामाईक फाइल पुढे आली. तिच्यात 'आयडी' या ओळीत नाव असते, तर 'आयडी-लाइक' या ओळीत जवळचे कूळ सांगता येते.

आता माझी फजिती ऐका. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काही यंत्रांवर उबुंटू होते, काहींवर 'बॉस'. बॉस म्हणजे आपल्या सी-डॅक संस्थेने डेबियनवरून घडविलेली, 2007 साली आलेली प्रणाली. मी सूचना लिहिली, "नाव उबुंटू असेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या बसव." झाले! बॉसची सगळी यंत्रे साधनाने वगळली. वगळणे ही काही चूक नव्हे. त्यामुळे अहवालात तांबडी ओळ एकही नाही. मी निर्धास्त, आणि मुलांचे प्रकल्प ज्यांवर होते ती यंत्रे तीन महिने दुरुस्तीवाचून! शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ह्या यंत्रावर शेवटची दुरुस्ती कधी झाली हो?" तेव्हा माझे डोळे उघडले. साधनाने सांगितले तेवढेच केले होते. चूक माझी होती.

तेव्हापासून मी नावावर अडून बसत नाही. यंत्र सामान कोणाकडून घेते, ते विचारतो. ॲप्ट असेल तर एक वाट, डीएनएफ असेल तर दुसरी. दोन्ही नसतील, तर काम तिथेच थांबवून मोठ्याने सांग, अशी शेवटची ओळ आवर्जून लिहितो.

ओळख पटली नाही, यात कमीपणा नाही. पण ओळख पटली नाही हे कोणालाच न सांगता पुढे जाणे, यात मात्र धोका आहे. पारावरची म्हातारी मंडळी अनोळखी पाहुण्याला निदान हाक तरी मारतात!